मदत हवी आहे: पॅड ८०च्या दशकातला वाटतच नाहीये

कीबोर्डवाला_पुणे: शुक्रवारी ट्रॅक द्यायचाय. डायरेक्टरला ज्युनोसारखा (रोलंडचा जुना सिंथ) जुना पॅड हवाय, म्हणजे मागे लांब रेंगाळणारा आवाज. सॉ वेव्ह (करवतीच्या दातांसारखी लहर) घेतली, फिल्टर खाली आणला, रिव्हर्ब (घुमारा) भरपूर दिला, तरी आजच्या जाहिरातीसारखा गुळगुळीतच येतोय. काय करू? नवीन प्लगइनला पैसे नाहीत, लवकर सांगा.

मंद्रसप्तक: सिंथ कोणता? युनिसन, म्हणजे एकाच सुराच्या प्रती, किती? मास्टरवर, म्हणजे शेवटच्या एकत्र आवाजावर, काय काय लावलंय? एवढं तरी सांगा राव.

जुनी_सर्किटं: ज्युनो-६० आला १९८२ला. एका वेळी सहा आवाज, प्रत्येकाला एकच ऑसिलेटर (लहर तयार करणारा भाग), तोही डिजिटल क्लॉकला बांधलेला म्हणजे सुरात अगदी पक्का. कोरस (आवाजात त्याचीच किंचित उशिराची प्रत मिसळणारा इफेक्ट) बंद करून वाजवला की बारीक लागतो. जाडी सगळी कोरसची. त्यातली बकेट ब्रिगेड चिप सिग्नल एका कपॅसिटरमधून पुढच्यात ढकलत नेते, आणि डावीकडचा डिले वाढतो तेव्हा उजवीकडचा कमी होतो, म्हणून आवाज हळूहळू डोलतो. मागची बारीक खरखर पण त्याचीच, ती काढू नका.

कीबोर्डवाला_पुणे: युनिसन ७, डिट्यून (प्रती सुरातून जराशा सरकवणं) बऱ्यापैकी. सिंथ फुकटचाच आहे.

जुनी_सर्किटं: मग तो सुपरसॉ झाला, म्हणजे सरकवलेल्या सॉ लहरींचा थर, १९९६च्या जेपी-८००० सिंथचा बाज. युनिसन १ करा, डिट्यून शून्य, थोडा सब (खालच्या सप्तकातला सूर) आणि वर फक्त कोरस.

प्लेट_रिव्हर्ब: कोरस कोरस काय लावलंय सगळ्यांनी. यामाहाच्या डीएक्स७ सिंथमध्ये एकही इफेक्ट नव्हता, तरी रेकॉर्डवर ८०चाच वाटतो, कारण स्टुडिओत रिव्हर्बसाठी ईएमटीची प्लेट (धातूचा पत्रा) नाहीतर लेक्सिकन २२४ हे डिजिटल यंत्र असायचं. सिंथच्या आतच रिव्हर्ब असणं रुळलं ते १९८७च्या रोलंड डी-५० पासून. रिव्हर्बची वरची पट्टी कापा, ६ किलोहर्ट्झच्या वर काही ठेवू नका.

जुनी_सर्किटं: प्रश्न ज्युनोचा आहे, डीएक्स७चा नाही. मोठ्या रिव्हर्बमध्ये तो डोल बुडून जाईल.

बेंजो_पार्टी_कोल्हापूर: आमच्याकडे मिरवणुकीत कीबोर्ड थेट मिक्सरला, रिव्हर्ब लावला की गर्दीत काही कळतच नाही. ड्राय ठेवा. आणि ऑक्टापॅडला चांगला ढोलाचा सॅम्पल कुणाकडे आहे का?

सूरवेडी: दादा, लेटन्सी (की दाबल्यावर आवाज उशिरा येणं) येत असेल तर ऑडिओ सेटिंगमधला बफर १२८ करा, माझा प्रॉब्लेम तसाच सुटला.

कीबोर्डवाला_पुणे: लेटन्सी नाहीये ताई. युनिसन काढलं, कोरस लावला, हेडफोनवर एकदम मस्त! पण फोनवर ऐकला की रुंदी गायब, आणि अजून तो चकचकीतपणा आहेच.

मंद्रसप्तक: फोनचा स्पीकर मोनो धरून चाला, रुंदी जाणारच. कोरस अर्ध्यावर आणा, मधला कोरडा आवाज भक्कम राहू द्या. आणि मास्टरचं मी मघाशीच विचारलं होतं.

कीबोर्डवाला_पुणे: मास्टरवर काही नाही. प्रीसेटच्या इफेक्टमध्ये मल्टीबँड कॉम्प्रेसर दिसतोय, डेप्थ ८० टक्के.

मंद्रसप्तक: काढा तो आधी. बारीकसारीक सगळं वर ओढून सपाट करतो, आजच्या जाहिरातीचा आवाज तिथूनच येतोय तुमचा.

प्लेट_रिव्हर्ब: आणि रिव्हर्बच्या आधी २० मिलिसेकंद प्रीडिले (घुमारा सुरू होण्याआधीचा थांबा), मग बोला.

बेंजो_पार्टी_कोल्हापूर: ढोलाचं कुणी सांगेल का?