मदत हवी आहे: ग्लायकोजेन स्टोरेज (टाइप १ए), सोलापूर ते मुंबई फेरी आणि चिठ्ठीवरचं ‘१२ तास उपाशी’

सातरस्ता
मुलगा ४ वर्षांचा, वजन १४ किलो. जनुकीय तपासणीत ग्लायकोजेन स्टोरेज डिसीज टाइप १ए पक्कं झालंय. सध्या रक्तातली साखर टिकावी म्हणून २५ ग्रॅम कच्चं कॉर्नस्टार्च (मक्याचं स्टार्च) ७५ मिली पाण्यात, दर ४ तासांनी. वेळा ६, १०, २, ६, १०, २. पुढच्या महिन्यात मुंबईला केईएममध्ये दाखवायचंय आणि पुढे दर ३ महिन्यांनी जावं लागेल. अडलंय ते असं:

तपासण्यांच्या चिठ्ठीवर लॅबवाल्याने ‘१२ तास उपाशी’ असा शिक्का मारलाय. सोनोग्राफीलाही तेच. ते चालेल का?
गाडी कुठली धरावी? रात्री २ चा डोस गाडीत कसा द्यायचा?
वाटेत उलट्या सुरू झाल्या तर काय करायचं? इथे कॅज्युअल्टीत गेलो की आजाराचं नाव सांगण्यातच वेळ जातो.
घरातले म्हणतात हैदराबाद जवळ पडतं, मुंबई कशाला. त्यात तथ्य आहे का?

भोईवाडा
पहिल्याचं उत्तर आधी, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. १२ तास उपाशी ठेवायचं नाही. ६ तासही नाही. या मुलांच्या यकृतात ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे एन्झाइम काम करत नाही, त्यामुळे साठवलेल्या ग्लायकोजेनमधून साखर सुटून रक्तात येऊच शकत नाही. पोटात स्टार्च संपलं की साखर घसरायला लागते. तो शिक्का सगळ्यांच्या चिठ्ठीवर मारलेला असतो, तुमच्या मुलासाठी विचार करून मारलेला नसतो.

लिपिड (रक्तातली चरबी), युरिक ॲसिड, लॅक्टेट (साखर यकृतात अडली की रक्तात वाढणारं आम्ल) या तपासण्यांसाठी ‘पुढच्या डोसच्या अगदी आधी’ ही वेळ पुरते. ६ ला डोस, पावणेदहाला रक्त, १० ला डोस. डॉक्टरांनाही हाच आकडा हवा असतो: डोस संपता संपता साखर आणि लॅक्टेट किती आहे. साखर ७० मिग्रॅच्या खाली जायला नको. सोनोग्राफीत उपास लागतो तो मुख्यतः पित्ताशय नीट दिसावं म्हणून. यकृताचा आकार आणि गाठी बघायला त्याची एवढी गरज नसते. पावणेदोनची वेळ मागा, २ चा डोस टेबलवरून उतरल्या उतरल्या. डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्या: ‘उपाशी ठेवू नये, डोसपूर्वी नमुना’. तोंडी सांगितलेलं खिडकीपलीकडे पोचत नाही.

लॅबमधला
वरच्याला दुजोरा. लॅक्टेटबद्दल थोडं. दंडाला पट्टी जास्त वेळ आवळून ठेवली, मूल रडून हातपाय झाडत असलं की लॅक्टेट खोटं वाढतं. नमुना राखाडी झाकणाच्या फ्लोराइड नळीत घ्यायचा, लगेच बर्फात ठेवायचा आणि लवकर मशीनला लावायचा. सोलापुरात नमुना काढून दुसऱ्या गावी पाठवणाऱ्या सेंटरवर लॅक्टेट करून घेण्यात अर्थ नाही, मुंबईतच करा. युरिक ॲसिड, लिपिड मात्र इथे चालतात.

ग्लुकोमीटरचंही ध्यानात ठेवा. बोटाला ग्लुकोज पावडर लागलेली असली की ५० ची साखर १५० दाखवते. गाडीत हेच होतं. एका हाताने पावडर घोळतात, त्याच हाताने पोराचं बोट धरतात. आधी पाण्याने बोट धुवा, कोरडं करा, मग टोचा. पट्ट्यांची डबी बहुतेक कंपन्या ३० अंशांखाली ठेवायला सांगतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत डबी राहिली तर ती डबी वापरू नका.

चाटीगल्ली
कॉर्नस्टार्च विकतचं कशाला? मंगळवार बाजारातून मका आणून चक्कीत बारीक दळून घ्या, ताजं आणि स्वस्त.

आहार_विभाग
@चाटीगल्ली, कृपा करून हा सल्ला देऊ नका. मक्याचं पीठ आणि कॉर्नस्टार्च या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दळलेलं पीठ पिवळसर असतं, त्यात कोंडा, प्रथिनं, तेल सगळं असतं. २५ ग्रॅम पिठात २५ ग्रॅम स्टार्च नसतं. हवं ते पांढरंशुभ्र, बोटांत दाबलं की करकरणारं, पाकिटावर ‘कॉर्न फ्लोअर’ लिहिलेलं. मागची बाजू वाचायचीच, घटकांत फक्त मक्याचं स्टार्च हवं. कस्टर्ड पावडर, टॅपिओका मिसळलेलं चालणार नाही. सुट्टं तर नकोच. ब्रँड एकदा जमला की बदलू नका. बदलावा लागलाच तर पहिले दोन दिवस डोसच्या आधी साखर तपासा.

१९८४ पासून कच्च्या कॉर्नस्टार्चचा उपचार वापरात आहे. तो टिकतो कारण कच्चा दाणा आतड्यात हळूहळू फुटतो. कोमट पाणी, गरम दूध, थर्मास यांत ते मिसळू नका. शिजलं की दाणा फुगतो, साखर झर्रकन चढते आणि तासाभरात घसरते. (टाकीचं पाणी आपल्याकडे उन्हाळ्यात कितीही तापलं तरी स्टार्च शिजण्याएवढं नसतं, पण लेकरू ते पीत नाही, म्हणून माठातलं घ्या.) नेहमीच्या डोसात साखर, ग्लुकोज घालू नका, इन्शुलिन वाढून स्टार्चचा टिकाऊपणा जातो.

आता जिथे रोज चूक होते ते. २५ ग्रॅम स्टार्च पेल्यात दोन मिनिटांत तळाला बसतं आणि घट्ट होतं. मूल वरचं पांढरं पाणी पितं, आई म्हणते ‘संपलं’, आणि तळाला ५-६ ग्रॅम राहिलेलं असतं. २ चा डोस मग ५ पर्यंतच पुरतो. चमच्याने तळ खरवडून हलवत हलवत पाजायचं आणि शेवटी १५ मिली पाणी घालून पेला विसळून तेही द्यायचं. मोजमाप चमच्याने नको. सपाट टेबलस्पून साधारण ८ ग्रॅमचा, शीग भरलेला कितीचाही. स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा घ्या.

प्रवासाला २५-२५ ग्रॅमच्या पुड्या आधीच मोजून छोट्या झिपच्या पिशव्यांत भरा. दोन दिवसांच्या १२ होतात, १८ न्या. गाडी उशिरा येते, डोस सांडतो, उलटीत जातो. निम्म्या तुमच्या पर्समध्ये, निम्म्या दुसऱ्याच्या बॅगेत. घोळ करून बाटलीत भरून नेऊ नका, जागेवर कालवा.

कुर्डूवाडी_जंक्शन
गाडीचं. वंदे भारत सोलापूरहून सकाळी ६ च्या सुमारास निघून दुपारी साडेबाराच्या आसपास मुंबईत पोचते. सकाळच्या ओपीडीला ती उपयोगाची नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री साडेदहानंतर सुटते, पहाटे सहाच्या सुमारास दादर. केईएम परळला आहे, त्यासाठी दादरलाच उतरा, सीएसएमटीपर्यंत जाऊन उलटं येऊ नका. १० चा डोस घरून निघताना द्या. २ ला गाडी दौंड-पुण्याच्या दरम्यान असते. खालचा बर्थ घ्या, दोन फोनवर वेगवेगळे गजर लावा, एक १:५० चा आणि एक २ चा. एका फोनच्या भरवशावर राहू नका, चार्जिंग संपलं की गेलं. अर्धवट झोपेतल्या लेकराला आडवं पाजू नका, ठसका लागतो. उठवून बसवायचं.

भोईवाडा
पहिल्या फेरीला रात्रीची गाडी मला पटत नाही. आदल्या दिवशी वंदे भारतने जाऊन परळ-दादरला मुक्काम करा. ६ चा डोस जरा आधी देऊन गाडीत बसा, १० चा गाडीत, २ चा मुक्कामी. रात्रीचा २ चा डोस मग स्थिर खोलीत होतो. घडी बसली की पुढच्या फेऱ्यांना सिद्धेश्वर चालेल.

कॅज्युअल्टी_सिस्टर
उलट्यांचं. डोस दिल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर साखर बघा आणि डोस एकदा परत द्या. परत उलटी झाली की थांबायचं नाही, सलाईन लागणार. ‘खेळतोय की, चांगला आहे’ यावर जाऊ नका. या मुलांचं लॅक्टेट वाढलेलं असलं की मेंदू काही काळ त्यावर चालतो, साखर ४५ असून मूल हसत असतं. मीटरवर विश्वास ठेवा, चेहऱ्यावर नाही.

ओआरएस पाजून भागत नाही. त्यात लिटरला ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम. २०० मिलीत ३ ग्रॅमही होत नाही, आणि १४ किलोच्या मुलाला तासाला साधारण ६ ग्रॅम लागतं. पाण्यासाठी द्या, साखरेसाठी नाही. साखर पडलीच आणि मूल शुद्धीत असेल तर साधी ग्लुकोज पावडर, डॉक्टरांनी ठरवून दिलेली, आणि १५ मिनिटांनी परत तपासून मागोमाग स्टार्च. चवीच्या पाकिटांत बऱ्याचदा साखर असते. घरची साखर, गूळ, मध, रस नको. त्यातला फ्रुक्टोजचा भाग यांच्या शरीरात ग्लुकोज होऊन बाहेर येत नाही, लॅक्टेट मात्र वाढवतो. मूल सुस्त असेल किंवा झटका आला तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन.

कॅज्युअल्टीसाठी तुमच्या डॉक्टरांच्या लेटरहेडवर एका पानाचं पत्र घ्या, सही-शिक्क्यासह, मोठ्या अक्षरात, लॅमिनेट करून. त्यात चार गोष्टी हव्यात. एक, १० टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं सलाईन) सोडियम-पोटॅशियमसह, दर तासाला किती मिली हे आकड्यात. तुमच्या वजनाला नेहमीची गरज तासाला ५० मिली, दीडपट म्हणजे ७५, त्यातून तासाला साडेसात ग्रॅम ग्लुकोज जातं. आकडा तुमचे डॉक्टरच लिहितील, पण लिहिलेला हवा, कारण नुसतं ‘ग्लुकोज द्या’ म्हटलं की डीएनएस (ग्लुकोज घातलेलं मिठाचं सलाईन) लागतं. ते ५ टक्क्यांचं, म्हणजे निम्मंच. दोन, रिंगर लॅक्टेट (लॅक्टेट असलेलं सलाईन) नको. तीन, ग्लुकॅगॉन (एरवी साखर वाढवायला देतात ते इंजेक्शन) देऊ नये, साखर वाढत नाही आणि लॅक्टेट चढतं. चार, सलाईन एकदम काढू नये; स्टार्च पोटात टिकायला लागलं की हळूहळू कमी करायचं. तापाला आयबुप्रोफेन नको, या आजारात प्लेटलेट नीट चिकटत नाहीत, म्हणजे रक्त लवकर थांबत नाही. पॅरासिटामॉलच्या गोड सिरपपेक्षा वजनाच्या मापाने गोळी चुरून बरी. शुगर-फ्री सिरपमध्ये सॉर्बिटॉल असतं, त्याचंही फ्रुक्टोजच होतं.

हे पत्र घेऊन सोलापुरात सिव्हिलच्या किंवा तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना आधीच भेटून या, लेकरू बरं असताना. एक प्रत त्यांच्याकडे ठेवा.

विजापूरवेस
हैदराबादचं घरचे म्हणतात ते अगदी चूक नाही. अंतर खरंच कमी आहे, आणि दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात मुंबईच्या केईएमसारखंच हैदराबादचं सीडीएफडी (जनुकीय तपासणीची संस्था) आणि निम्स (रुग्णालय) हेही उत्कृष्टता केंद्र आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांना तिथे बोलायलाही सोपं जातं. पण दोन्हीकडे फाइल उघडू नका. एकाच केंद्रात नोंद, एकाच डॉक्टरांकडे डोसचा हिशोब.

पैशांबद्दल: या धोरणात ५० लाखांपर्यंत मदत आहे, ती अशा उत्कृष्टता केंद्रामार्फतच. तुमच्या आजाराचं नाव त्यात यकृत प्रत्यारोपणाच्या गटात येतं, म्हणजे नियंत्रण जमेनासं झालं तर. रोजच्या स्टार्चसाठी त्यातून काही नाही. जन आरोग्य योजना भरती झाल्यावर उपयोगी पडते, ओपीडीच्या फेऱ्यांना नाही. तरी रेशन कार्ड आणि आधार बरोबर असू द्या. जीन रिपोर्टची मूळ प्रत हातातून सोडू नका, झेरॉक्स द्या.

आहार_विभाग
एक राहिलं. जाण्याआधी सलग ७ दिवसांची वही लिहा: वेळ, स्टार्च किती ग्रॅम प्यायला, काय खाल्लं, साखर किती. ‘भाकरी खाल्ली’ नको, ‘ज्वारीची अर्धी भाकरी, शेंगा चटणी १ चमचा’ असं. विकतच्या चटणीत साखर घातलेली असते का तेही बघा. दुधाचं प्रमाण लिहाच, दुधातल्या साखरेतला (लॅक्टोज) गॅलक्टोजही फ्रुक्टोजसारखाच अडतो. वजन वाढलं की ग्रॅम बदलतात. १४ चा १५ किलो झाला आणि डोस २५ च राहिला तर पहिली तक्रार पहाटेच्या साखरेत दिसते.

सातरस्ता
सगळ्यांचे आभार. ठरलं असं: आदल्या दिवशी वंदे भारत, परळला मुक्काम, पावणेदहाला रक्त. पत्राचा मसुदा उद्या डॉक्टरांकडे नेते. शेवटची शंका. रांगेत नंबर ११ ला आला तर १० चा डोस थांबवायचा का? रक्त मग डोसनंतर जाईल.

भोईवाडा
थांबवायचा नाही. १० म्हणजे १० लाच. पावणेदहाला खिडकीवर चिठ्ठी दाखवून आधी घ्यायची विनंती करा. नाहीच जमलं तर डोस द्या, मीटरवरची डोसपूर्वीची साखर वेळेसह चिठ्ठीवर लिहा, आणि रक्त पावणेदोनला, सोनोग्राफीच्या आधी.