मदत हवी आहे : शाळेच्या फुलपाखरू बागेत रुई लावावी का?

नमस्कार मंडळी,

आमचं बागप्रेमींचं छोटं मंडळ पुण्यातल्या एका महापालिका शाळेच्या आवारात श्रमदानातून फुलपाखरू बाग उभी करतंय. कुंपणालगत कढीपत्ता, लिंबू, पानफुटी लावून झालंय. ब्लू मॉरमॉन हे २०१५पासून आपलं राज्य फुलपाखरू, आणि त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात, म्हणून लिंबाचा आग्रह मीच धरला. सध्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आहेत. मुलं मधल्या सुट्टीत तिथून हलत नाहीत!

अडचण रुईची आहे. प्लेन टायगर या फुलपाखरासाठी ती हवीच असं मला वाटतं. पण तिचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, आणि पहिली-दुसरीची पोरं पानं तोडणारच. हळदीकुंकू या फुलझाडावरही हे फुलपाखरू अंडी घालतं, पण चीक त्यालाही असतो. कुणी शाळेत यातलं काही लावलंय का? जाळीच्या आत, मुलांचा हात पोचणार नाही असं लावलं तर चालेल? की शाळेत हा विषयच नको?

दुसरं, मे महिन्याच्या सुट्टीत पाण्याचं काय करता? आम्ही रोपांशेजारी मातीची मडकी पुरायचा विचार करतोय. मुरमाड जमिनीत एकदा भरलेलं मडकं किती दिवस पुरतं, हे अनुभवाने सांगा. पाळी लावायला माणसं कमी आहेत, त्यामुळे त्यावरच सगळं ठरेल.

आणि लिंबावर औषध मारा असा सल्ला कृपया देऊ नका. अळ्या खाव्यात म्हणूनच ते झाड लावलंय.