फ्रंट-एंड निवडताना देखभालीचाही विचार व्हावा

फ्रंट-एंड, म्हणजे संकेतस्थळाचा वापरकर्त्याला दिसणारा भाग, बनवण्याच्या रिॲक्ट, व्ह्यू आणि अँग्युलर या जावास्क्रिप्ट साधनांची तुलना या चर्चेत केवळ वेगाच्या निकषावर झाली आहे. त्यात देखभालीचा मुद्दा आग्रहाने जोडावासा वाटतो. २०१६ मध्ये अँग्युलर २ आले, तेव्हा अँग्युलर-जेएस या जुन्या आवृत्तीतील स्कोप आणि कंट्रोलर (डेटा व स्क्रीन जोडणाऱ्या रचना) यांच्या जागी टाइपस्क्रिप्टमध्ये (जावास्क्रिप्टवर आधारलेल्या भाषेत) लिहिलेले कंपोनंट (स्क्रीनचे स्वतंत्र भाग) आल्याने चालू ॲप्लिकेशनचा बराचसा कोड नव्याने लिहावा लागला, आणि २०२१ च्या अखेरीस जुन्या आवृत्तीला मिळणारा अधिकृत सपोर्टही थांबला. म्हणून नव्या आवृत्तीवर टप्प्याटप्प्याने जाता येते का, हे आधी तपासावे.

संकेतस्थळ केवळ माहितीपर असेल, तर सर्व्हरवर तयार झालेले एचटीएमएल आणि थोडी जावास्क्रिप्ट पुरेशी ठरते, कारण स्वस्त मोबाइलवर जावास्क्रिप्टचे मोठे बंडल (एकत्र बांधलेली कोडची फाइल) डाउनलोड व्हायलाच नव्हे, तर पार्स होऊन (ब्राउझरने कोड वाचून) चालायलाही वेळ लागतो.