‘असुरक्षित’ नक्की कोण? ‘व्हल्नरेबल रोड यूजर’ला शब्द हवा

अर्धविराम: वाहतूक नियमांचं भाषांतर करतोय. ‘व्हल्नरेबल रोड यूजर’ला ‘असुरक्षित रस्ता-वापरकर्ते’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलीने विचारलंय, ‘म्हणजे बेदरकार चालवणारे का?’ तिथेच अडलोय. रस्ते वाहतुकीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात यांत पादचारी, सायकलस्वार आणि विशेषतः मुलं, वृद्ध, अपंग येतात. चालकाने त्यांना जास्त जपायचं. सुचवा.

कोशकिडा: ‘दुर्बल’. सुटसुटीत.

चाकोरी: रोज चाळीस किलोमीटर सायकल हाणणाऱ्याला दुर्बल म्हणून बघा एकदा! प्रश्न ताकदीचा नाहीच, अंगाभोवती पत्रा नसण्याचा आहे. म्हणून तर मोटारसायकलवालाही बरेचदा यांत धरतात. ‘बिनकवची’ म्हणा.

अर्धविराम: कासव डोळ्यांपुढे येतं हो.

तळटीप: आधी ‘वाहन’ तरी कुठे ठरलंय? भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ आणि ‘वाहन’ यांची व्याख्या एकच, यांत्रिक शक्तीवर चालणारं. म्हणजे सायकल, बैलगाडी बाद; बॉडी न चढवलेली नुसती चासी मात्र वाहन! इंग्लंडात उलट, १८८८ च्या कायद्याने सायकलला ‘कॅरेज’ ठरवलं. व्हिएन्ना करारात तर रस्त्यावरून गुरं हाकणाराही ‘चालक’.

कोशकिडा: बरोबरच आहे, चालवतो तो चालक. आणि ‘वाहन’ वह् धातूवरून. वहाणही त्यातलीच, पायांना वाहून नेते. त्या हिशेबाने पादचारीही वाहनधारक :)

तळटीप: वहाण संस्कृत ‘उपानह्’वरून आली. वाहनाशी काडीचा संबंध नाही.

कोशकिडा: आमच्या मास्तरांनी वर्गात असंच शिकवलं होतं.

तळटीप: मास्तरांना नमस्कार. उपानह्.

पायडल: परवा सायकल पंक्चर झाली, हातात धरून पादचारी पुलावर चढलो. रक्षकाने अडवलं, ‘वाहन न्यायचं नाही.’ म्हटलं, मी चालतोय. तर म्हणे, ‘चाकंही चालतायत.’ व्हिएन्ना कराराला जोडलेल्या युरोपातल्या १९७१ च्या पूरक करारात सायकल ढकलणारा पादचारीच धरलाय, पण ते त्याला कुठे सांगत बसू? सायकल खांद्यावर घेतली, मुकाट सोडलं. आता सांगा, त्या घटकेला वाहन कोण होतं?

कोशकिडा: तुम्ही! वह् धातू! म्हणत नव्हतो?

चाकोरी: बोलीभाषा कायद्यापेक्षा हुशार आहे. ‘गाडीवर आलो’ म्हटलं की दुचाकी, ‘गाडीतून आलो’ म्हटलं की चारचाकी. पत्रा आहे की नाही, एका प्रत्ययात कळतं. गाडीतले आणि गाडीवरचे, करा दोन भाग.

अर्धविराम: झकास, पण पादचारी कुठे बसवू? मजकूर उद्या द्यायचाय. ‘जास्त धोका असलेले’ असं सरळ लिहू का?

कोशकिडा: ‘धोका असलेले’ म्हणजे पुन्हा तेच, लोक धोकादायक समजतील. ‘धोक्यातले’ करा.

चाकोरी: ‘धोक्यातले’ ऐकून आताच रुग्णवाहिका बोलवावीशी वाटते.

तळटीप: आणि ‘वापरकर्ते’वर कुणीच बोललं नाही. रस्ता ‘वापरतात’ कधीपासून?