परीक्षणात गाजलेलं पात्र खेळायला बसलं की आपटतं, असं का होतं?

फेरीतला_वाचक

मंडळी, मी सात-आठ वर्षं वहीत परीक्षणं लिहितो. छापायला कुठे देत नाही. राहतो चोडणला, काम पणजीत, आणि रिबंदरच्या धक्क्यावर फेरीची वाट बघण्यात दिवसाचं जे मातेरं होतं त्यात हे लिखाण चालतं. डाव्या पानावर सिनेमा, मालिका नाहीतर कॉमिक यांचं परीक्षण. उजव्या पानावर त्यातलंच एक पात्र उचलून त्याचा डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं वठवायचा खेळ) कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राचे गुण आणि कौशल्यं लिहिलेला कागद. नोव्हेंबरात इफ्फी (गोव्यातला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) आली की वही फुगते, त्यासाठी वर्षभर रजा राखून ठेवतो.

रविवारी पर्वरीला मित्राच्या बाल्कनीत आम्ही पाच जण खेळतो. खेळाची पाचवी आवृत्ती, २०१४ चं जुनं नियमांचं पुस्तक. गेल्या महिन्यात मी एका मालिकेतला गुप्तहेर आणला. डाव्या पानांवर त्याची साडेतीन पानं आरती ओवाळून झाली होती: खोलीत पाऊल टाकताच खोटं बोलणारा ओळखतो, कोणाच्या बुटाला कुठली माती लागलीय ते सांगतो वगैरे. उजवीकडे क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, रोग (इंग्रजीतला, लपूनछपून वावरणारा). (हसू नका. आईने ते पान वाचून मला डॉक्टरकडे जायला सांगितलं होतं.) इंटेलिजन्स १६, इन्व्हेस्टिगेशन (शोध घेण्याचं कौशल्य) +५. मनात म्हटलं, आता टेबल गाजवतो.

पहिल्याच खोलीत डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) १५ मागितले, वीस बाजूंच्या फाशावरचा आकडा अधिक माझे ५ मिळून. फाशावर पडले ३. दुसऱ्या खोलीत ६. तिसऱ्या वेळी २. पलंगावर रक्ताने माखलेला सुरा पडलेला, आणि आमच्या महान गुप्तहेराला चादरीचा रंग आवडला. तो सुरा सापडला कोणाला? आमच्यातली एक जण खेळते त्या बार्बेरियनला, म्हणजे रांगड्या लढवय्यीला. इंटेलिजन्स ८, म्हणजे वजा एक, पण तिने १९ टाकले.

आणखी एक. मालिकेत तो कोपऱ्यात एकटा बसतो ते भारी दिसतं. मीही बसलो. चौघं बोलत होते, मी तीन तास गप्प. भजी तेवढी संपवली.

याच्या उलट, तीन वर्षांमागे इफ्फीत पाहिलेल्या ज्या सिनेमाला मी अर्ध्या पानात झोडपलं, त्यातल्या एका किरकोळ होडीवाल्याला मी सहा महिने खेळलो. अजून कोणीतरी विचारतं, तुझा तो होडीवाला कुठे गेला? माझं परीक्षण चुकतं की शीट?

दोन_पाव_एक_उसळ (फोंडा)

आधी हिशेब करूया, पात्रांव. +५ घेऊन १५ गाठायला फाशावर १० किंवा जास्त हवेत. वीसपैकी अकरा वेळा जमेल, नऊ वेळा नाही. मालिकेचा लेखक त्याला वीसपैकी वीस देतो. त्यात तू खेळलास पहिल्या लेव्हलचा. २०१४ च्या पुस्तकात रोगला अकराव्या लेव्हलला रिलायबल टॅलेंट मिळतं, मग जे कौशल्य येतं त्यात ९ किंवा त्याहून कमी काहीही पडलं तरी १० धरायचे. तुझा टीव्हीवरचा साहेब तिथला आहे. तू त्याच्या बारावीच्या सुट्टीतला पोरगा टेबलावर आणलास.

आणि एक्स्पर्टीज (निवडलेल्या कौशल्याला दुप्पट सरावाचे गुण) कुठे उडवलीस? रोगला पहिल्याच लेव्हलला दोन ठिकाणी मिळते. इन्व्हेस्टिगेशनवर टाकली असतीस तर +७ झाले असते, वीसपैकी तेरा.

थोडा दोष तुमच्या डीएमचाही. ज्या सुऱ्यावाचून गोष्ट पुढे सरकत नाही त्याच्यासाठी फासा मागायचाच नसतो. रॉबिन लॉजच्या गमशू या तपासाच्या खेळांच्या पद्धतीत हाच मूळ नियम आहे: मुख्य धागा शोधणाऱ्याला मिळतोच, प्रश्न त्याचं पुढे काय करायचं हा. मी आमच्या टेबलावर हा नियम पाचव्या आवृत्तीत घुसडलाय, कोणी पोलीस बोलावले नाहीत.

फेरीतला_वाचक

एक्स्पर्टीज स्टेल्थ आणि परसुएजनवर गेली. मालिकेत तो काळ्या कोटात अंधारातून येतो ना.

दोन_पाव_एक_उसळ

कोटाला एक्स्पर्टीज! धन्य आहेस.

धयकाल्याची_लेक (पेडणे)

मला फाशातलं फारसं कळत नाही, भाऊ खेळतो म्हणून थोडं माहीत. पण माझे मामा दशावतारात काम करतात, तेव्हा त्या बाजूने बोलते.

दशावतारात लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी रंग लावताना आख्यान ठरतं, आज तू अमुक राजा, तू राक्षस, तू नारद. संवाद रंगमंचावर उभं राहूनच सुचायचे, तेही समोरच्याने काय टाकलं ते ऐकून. मी लहानपणी मामांना विचारलं होतं, तुम्ही विसरत कसे नाही? ते म्हणाले, "पाठ काय केलंय म्हणून विसरू? समोरच्याकडून मला काय हवं तेवढं डोक्यात असलं की तोंड चालतं."

सुरुवातीला संकासुर येतो ना, काळा, वेद चोरणारा. विष्णू त्याला मारणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी पोरं त्याच्यासाठीच जागी. कारण तो प्रत्येकाच्या वाटेला जातो. पुढे बसलेल्यांना चिडवतो, पेटीवाल्याशी भांडतो, काहीतरी मागत राहतो.

तुमच्या गुप्तहेराला कोणाकडून काय हवंय? मालिकेत लोक त्याच्या दारात येतात कारण लेखक त्यांना पाठवतो. बाल्कनीत कोण पाठवणार? भावाच्या शीटवर बाँड आणि फ्लॉ असे दोन रकाने असतात, म्हणजे जीव कशात अडकलाय आणि खोट कुठली. त्यात तुम्ही काय लिहिलं होतं?

फेरीतला_वाचक

सांगायला लाज वाटते, ताई. बाँड: "सत्य". फ्लॉ: "गरजेपेक्षा जास्त हुशार".

दोन_पाव_एक_उसळ

ही नोकरीच्या मुलाखतीतली खोट झाली, रे. "मी फार कष्ट करतो" छाप.

बाकी ताईंनी नेमकं धरलंय. २०२४ च्या सुधारित पुस्तकात पात्राच्या पार्श्वभूमीला (आधीचा धंदा वगैरे) गुणांची वाढ आणि एक फीट (खास क्षमता) चिकटवलं, आणि २०१४ चे हे बाँड-फ्लॉचे पार्श्वभूमीवार तक्ते गेले. गणित नेटकं झालं, पण मला ते तक्ते हवेत. नवखा खेळाडू तिथे अडखळतो, आणि अडखळला की विचार करतो. फेट नावाच्या खेळात तर पात्र बनवतानाच "ट्रबल" लिहावं लागतं, आणि ते तुमच्या आड आलं की गुण मिळतो. संकट ओढवून घेण्याची मजुरी!

शिळी_भाकरी

सगळे शीट दुरुस्त करताय. परीक्षणाचं कोणी बोलत नाही. साडेतीन पानांत पात्राला काय काय येतं याची यादी, तिला परीक्षण म्हणायचं? कॅमेरा, आवाज, संकलन, त्या नटाने गप्प राहून काय केलं, काही आहे का? मालिका बघतानाच तुझा एक डोळा उजव्या पानावर असणार. ज्याला झोडपलंस त्या सिनेमाबद्दल काय लिहिलं होतंस ते जसंच्या तसं टाक बघू.

फेरीतला_वाचक

टाकतो. आत्ताच वही काढली:

"होडीवाला तीनदा दिसतो. सगळ्यांकडून पैसे घेतो, एका बाईकडून घेत नाही. ती बाईही विचारत नाही. दिग्दर्शकाला हा माणूस कोण ते माहीतच नाही, मग कॅमेरा इतका वेळ त्याच्या हातांवर कशाला? वल्ह्याच्या आवाजावर दृश्य तोडतो आणि पुढे गाडीच्या आवाजावर नेतो, तेवढं बरं."

(तेव्हा आमच्या फेरीत चालत जाणाऱ्याला पैसे पडत नव्हते. म्हणूनच बहुधा ते भाड्याचं मला इतकं टोचलं.)

शिळी_भाकरी

बघ. हे सहा ओळींचं परीक्षण साडेतीन पानांना भारी आहे. इथे तू खरोखर बघत होतास, आणि चिडला होतास. गुप्तहेराच्या वेळी नुसता खूश होतास.

आणि सिनेमावर अन्याय केलास असंही मला वाटतं. दिग्दर्शकाला माहीत असेल. त्याने सांगितलं नाही एवढंच.

फेरीतला_वाचक

हे मात्र लागलं. सहा महिने मी त्या होडीवाल्यात काय खेळलो, तर त्या बाईकडून पैसे का घेत नाही एवढंच. एकदा ठरवलं कर्ज आहे. पुढे वाटलं, भीती आहे. तोवर आमच्या पॅलाडिनने (व्रतस्थ योद्धा खेळणाऱ्याने) त्या बाईशी ओळख काढली आणि सगळंच फिसकटलं. गुप्तहेरात असं भोक कुठेच नव्हतं, मालिकेने सगळं लिंपून दिलेलं. सिनेमाला मी जो दोष म्हणून लिहिला त्याच जागेत शिरून राहिलो की.

काल बाबांच्या ट्रंकेतले इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक काढले. इंद्रजाल १९६४ ला सुरू झालं, १९९० ला बंद पडलं, बाबांनी बरंच जपलंय. ली फॉकचा मुखवटेवाला नायक फँटम, तो तिथे वेताळ. लहानपणी माझी पक्की समजूत होती की हा आमच्या गोव्यातल्या आमोणे गावचाच देव वेताळ, फक्त चड्डी वरून घालतो. परीक्षण या वेळी तक्रारीपासून सुरू केलं: बापामागून मुलगा अशा पिढ्या तोच वेष चढवतात, हा एकविसावा, आणि गावातल्या एकालाही संशय येत नाही? त्याचे बूट कोण शिवतं?

तिथे हात थांबला. आपल्याकडे वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात. रात्री गावराखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात, असं आजी सांगायची. तर उजवं पान असं झालंय:

माणूस, क्लेरिक (देवाचा सेवक), पहिली लेव्हल. पार्श्वभूमी गिल्ड आर्टिझन (कारागीर), हत्यारं वहाणा शिवणाऱ्याची. विझडम १५, कॉन्स्टिट्यूशन १४, डेक्स्टेरिटी १३, स्ट्रेंग्थ १२, इंटेलिजन्स १०, करिश्मा ८. वाढीचे गुण अजून टाकायचेत. बाँड: गावच्या राखणदार देवाच्या वहाणा दरवर्षी मीच शिवतो. फ्लॉ: यंदा जुना जोड परत आणला तेव्हा तळवे कोरे होते, आणि मी हे गावात कोणालाच सांगितलेलं नाही.

धयकाल्याची_लेक

अगो बाय! अंगावर काटा आला. याला समोरच्याकडून काय हवंय?

फेरीतला_वाचक

रात्री सोबत फिरायला कोणीतरी. एकटा जायला घाबरतो.

दोन_पाव_एक_उसळ

कोपऱ्यात बसायची सोय गेली म्हणायची. वहाणा का झिजल्या नाहीत ते ठरवलंस?

फेरीतला_वाचक

नाही, आणि डीएमलाही विचारणार नाही. रविवारी कळेल. बार्बेरियनला आधीच निरोप धाडलाय, कंदील तू धर. भाकरीदादा, परीक्षण अर्ध्या पानातच आटोपलं, रंग आणि चौकटींवर तीन ओळी आहेत, पुढच्या वेळी टाकतो. सगळ्यांना देव बरें करूं. फेरी लागली.