गोबी माशाच्या गालावरच्या रेघांवरून जात ओळखता येते का?

प्रश्न:
टँकमधे पाच छोट्या गोबी आहेत, पाचही रायनोगोबियस (गोबींचा एक गट, त्यात बऱ्याच जाती येतात) म्हणूनच घेतल्या होत्या पण नीट बघितलं तर एकसारख्या वाटत नाहीत. दोघींच्या गालावर बारीक लाल रेघा, एकीच्या गालावर तपकिरी तिरक्या रेघा आणि अंगावर बाजूने ओळीत काळपट डाग, उरलेल्या दोन अगदीच फिक्या. त्यात हे डाग सकाळी ठळक असतात आणि दुपारी बघावं तर पुसट. मग धरायचं काय?

उत्तर १:
अंगावरचे डाग एकट्याने धरू नका, मासा घाबरला, भांडणात हरला, खालची वाळू बदलली की ते गडद-फिके होतात. तोंडावरची नक्षी त्यामानाने टिकते. लाल रेघावाले रायनोगोबियसमधल्या ड्युओस्पायलस जातीचे नर वाटतायत (जुनं नाव वुई, अजूनही चालतं), तपकिरी तिरक्या रेघावाला बहुतेक त्याच गटातली जिउरायनस जात. खात्री करायची तर काचेला बाहेरून छोटा आरसा लावा, नर समोर दुसरा नर समजून गळा फुगवतो आणि कल्ल्याखालचा पडदा ताणला जातो, ड्युओस्पायलसला तिथे लाल-नारिंगी खुणा असतात ज्या एरवी घडीत लपलेल्या असतात. एक-दोन मिनिटांत आरसा काढा, उगाच दमतो बिचारा.

उत्तर २:
फिक्या दोघी माद्या असणार. पाठीवरचा पहिला पर आखूड आहे का बघा, नरांचा उंच असतो. पण नुसत्या मादीवरून जात ठरवायला जाऊ नका, मी तसं करून दोनदा चुकलोय. आणि अंगभर लाल ठिपके असते तर तैवानचा रुब्रोमॅक्युलेटस, लाल पट्टे असते तर झोउई (चीनचा, 2009 मधे नाव मिळालं), त्यामुळे ते दोन्ही इथे बाद.

उत्तर ३:
अंडी घातली तर तीही बघा. ड्युओस्पायलस मोजकी पण मोठी अंडी घालतो आणि पिल्लं गोड्या पाण्यातच वाढतात, जिउरायनसची अंडी बारीक आणि भरपूर, पिल्लं साधारणपणे वाहत समुद्राकडे जातात आणि मग नदीत परततात. जिउरायनस मोठा पण होतो, बाकीच्यांपासून वेगळा ठेवलेला बरा.

प्रश्नकर्ता:
आरसा लावला! एकाने लगेच गळा फुगवला, खाली नारिंगी-लाल खुणा स्पष्ट दिसल्या, इतके दिवस रोज बघतोय आणि हे कधी दिसलंच नव्हतं. दुसरा दगडाखालून बाहेरच येईना, त्याला उद्या बघतो. तपकिरी रेघावाल्याला आजच दुसऱ्या टँकमधे हलवतोय.