ठोसेघरची शांतता : वेळ आणि जागा

कुणीतरी म्हटलंय की साताऱ्याजवळच्या ठोसेघरच्या धबधब्याला आता शांतता उरलेली नाही, नुसती गर्दी आणि गाड्यांमधली गाणी. पावसाळ्यातल्या रविवारी दुपारी गेलात तर अगदी खरं आहे. पण त्याच दरीकाठी आडवारी, नुकतं फटफटलेलं असताना जाऊन बघा. साताऱ्याहून सज्जनगड फाटा ओलांडून वर गेलं की रस्त्यावर चिटपाखरू नसतं.

त्या वेळी ऐकण्यासारखा पक्षी म्हणजे शीळकरी कस्तूर. काळसर निळा, खांद्यावर चमकदार निळा डाग. ओढ्याकाठच्या झाडीत बसून तो इतकी माणसासारखी शीळ घालतो की कुणीतरी रमतगमत चाललंय असं वाटून आपण वळून बघतो. हे ऐकायचं तर दहा मिनिटं एका जागी बसावं लागतं, चालत्या पावलांखाली ते हरवून जातं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पहाटे जमिनीलगत थंड हवा साचते आणि लांबचे आवाज दूरवर ऐकू येतात. म्हणून उघड्या पठारावर घाटातला हॉर्नसुद्धा कानाशी येतो. दरीकडच्या उतारावर, बेसॉल्टच्या कड्याआड गेलं की तो बराच अडतो. जवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची घरघर असते, त्यामुळे शांततेसाठी मी तिकडे जा म्हणणार नाही.

फक्त रेलिंगच्या पलीकडे उतरू नका. शेवाळलेला कातळ फार वाईट निसरतो. आणि पूर्ण अंधारात झाडीत शिरू नका, या भागात गवे आणि बिबट्यांचा वावर आहे.